विचारणाऱ्याला बळ द्या

राज्यभरातून आलेल्या सहकारी बँकांतील बंधू-भगिनींनो,

ऑगस्ट २०१८ मध्ये इथल्याच, पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेव्हापासून सायबर सुरक्षा हा आपल्या घरातला विषय आहे.

आज मात्र मी ढाक्याचे उदाहरण घेतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला गेले. चोर आत शिरले ते नोकरीच्या अर्जाच्या ई-मेलमधून. आलेला अर्ज उघडणे हे कर्मचाऱ्याचे कामच होते! व्यवहारांचे संदेश छापणारा प्रिंटर बंद दिसला, तेव्हा नेहमीचाच बिघाड समजून तो तसाच राहिला. तिथे शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी होती. पण आणखी २ कोटी डॉलर श्रीलंकेकडे निघाले असताना ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले मधल्या बँकेत लक्षात आले, विचारणा झाली आणि ते पैसे वाचले.

‘माणूस हाच कच्चा दुवा’ असे प्रशिक्षणात सर्रास सांगितले जाते. मला ते मुळीच मान्य नाही; ते २ कोटी डॉलर माणसाच्या विचारणेनेच वाचले. संशोधक अॅन अॅडम्स आणि अँजेला सास यांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की, सुरक्षेचे नियम कामाच्या आड आले की माणसे पळवाटा काढतात. आपल्या शाखांत वेगळे काय घडते? काउंटरवर रांग, माणसे कमी, मंजुरी देणारा चेकर जेवायला गेलेला. मग त्याच्याच पासवर्डने व्हाउचर पास होते. ही शिस्तीइतकीच मनुष्यबळाचीही अडचण आहे, आणि ती संचालक मंडळानेच सोडवायला हवी.

याहून मोठा धोका भीतीचा. चुकीच्या लिंकवर क्लिक झाले, हे मेमोच्या धाकाने संध्याकाळपर्यंत लपवले जाते आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे सरकतात. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवले, तर ते गोठवण्याची शक्यता बरीच असते.

म्हणून या संमेलनातल्या चर्चासत्रांत आयटी अधिकाऱ्यांइतकेच क्लार्क आणि कॅशिअर यांनीही बोलावे, यासाठी त्यांना आम्ही मुद्दाम बोलावले आहे. आणि उपस्थित अध्यक्ष व संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: चूक आपणहून, ताबडतोब सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला मेमो देणार नाही, असा ठराव आपापल्या बँकेत करा.