धूम्रपान आणि अवधानाचे शिक्षण



धूम्रपान सोडू पाहणाऱ्या मनुष्याचा निश्चय नेमका कोठे ढळतो, याचा विचार करताना आपण त्याच्या इच्छाशक्तीची चिकित्सा फार केली आणि त्याच्या नजरेकडे फार थोडे लक्ष दिले, असे माझे मत आहे. ज्याने सकाळी मनापासून संकल्प केला त्याचीच दृष्टी दुपारी टपरीवरील पाकिटांकडे त्याच्या संमतीवाचून वळते. आणि १९९३ साली रॉबिन्सन व बेरिज यांनी मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे, उपभोगाचे सुख ओसरले तरी त्याच्या खुणांची ओढ वाढतच राहते. अशा मनुष्यास दुर्बल म्हणून हिणविणे हा उघड अन्याय होय.

मॅक्लिऑड व त्यांचे सहकारी यांनी चिंताग्रस्तांच्या अभ्यासासाठी १९८६ साली योजलेली कसोटी पुढे व्यसनाच्या अभ्यासातही कामी आली. पडद्यावर दोन चित्रे, एक सिगारेटचे व दुसरे निरुपद्रवी, साधारण अर्धा सेकंद शेजारी शेजारी दिसतात. ती लोपताच एकाच्या जागी ठिपका उमटतो आणि तो कोणत्या बाजूस आहे हे पाहणाऱ्याने तत्काळ दर्शवावयाचे असते. नुसती परीक्षा घ्यावयाची तेव्हा ठिपका दोन्ही जागी सारख्याच वेळा येतो. शिक्षण द्यावयाचे तेव्हा तो निरुपद्रवी चित्राच्याच जागी येत राहतो, जेणेकरून शेकडो आवर्तनांनी दृष्टीस सिगारेटपासून परतण्याचे वळण लागावे.

इंग्लंडातील धूम्रपानमुक्ती केंद्रांत असे शिक्षण आठवड्यातून एकदा याप्रमाणे पाच आठवडे दिले गेले; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा लाभ आढळला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील एका प्रयोगात तोच अभ्यास हातात मावणाऱ्या संगणकावर, धूम्रपान करणाऱ्यांच्या नित्य व्यवहारात, आठवडाभर करविला, तेव्हा दृष्टीचा कल व तलफ दोन्ही कमी झाली, परंतु ओढण्याचे प्रमाण घटले नाही. मला यातून दोन गोष्टी दिसतात. केंद्रातील शांत खोलीत शिकलेले वळण मोहाच्या जागी टिकेलच असे नाही, म्हणून हे शिक्षण स्मार्टफोनवर देण्याची तजवीज रास्त आहे. तथापि तलफ शमणे म्हणजे व्यसन सुटणे नव्हे. तेव्हा आपली कसोटी एकच असावी: सहा महिन्यांनी तो मनुष्य धूम्रपानापासून अलिप्त आहे काय, आणि त्याच्या उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड त्याची साक्ष देते काय. तोपर्यंत समुपदेशन व निकोटिनची गोळी किंवा पट्टी यांत कसूर होता कामा नये. अवधानाचे शिक्षण त्यांच्या जोडीला यावे, त्यांच्या जागी नव्हे.

आपल्या प्रांताची स्थिती आणखी निराळी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. तेव्हा या शिक्षणातील परदेशी सिगारेटची गुळगुळीत छायाचित्रे विडी ओढणाऱ्या मजुराच्या मनात कोणती ओढ जागविणार? विडीचा कट्टा, काडेपेटी, चहाच्या टपरीवरील बाकडे, तंबाखूची पुडी व चुन्याची डबी, अशी आपली चित्रे आपणच जमविली पाहिजेत. ज्याच्या घरी एकच फोन चौघे वापरतात, त्याला नेटवर्कवाचून चालणारी सोयही दिली पाहिजे. या कामी एक समिती नेमावी, आणि चित्रांची निवड विडी सोडलेल्या व सोडू न शकलेल्या माणसांच्या सल्ल्यानेच व्हावी, अशी माझी या परिषदेस शिफारस आहे.