लांडग्याचे नियम

वृकमानवांची प्रेमकथामालिका हाती घेणारा मुरलेला वाचक पहिल्या पन्नास पानांत नियम शोधतो. माणसाचा लांडगा कशाने होतो? पौर्णिमेने, चाव्याने, रागाने, थंडीने, की मनात आले म्हणून? लांडगा झाल्यावर माणूसपणाची आठवण राहते का? परत येता येते का, आणि किती वेळा? पुढची तीन-चार पुस्तके या उत्तरांवर उभी असतात. नायिका सतरा वर्षांची असणार, नायक देखणा आणि गप्प असणार, गावाला लागून जंगल असणार, एवढे ठरलेलेच. लेखिकेचे वेगळेपण दिसते ते नियमात.

इंग्रजी ‘वेअरवुल्फ’मधला ‘वेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला माणूस. लॅटिनमधला ‘विर’ आणि संस्कृतातला ‘वीर’ हे त्याचे भाऊबंद. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ यांचेही मूळ एकच. भीमाला वृकोदर म्हणणाऱ्या परंपरेला हा प्राणी परका नाही. मराठीत मात्र ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आणि ‘लांडगेतोड’ हा शब्द, एवढीच त्याची ठळक पुंजी. त्यामुळे लांडगा प्रियकर होऊ शकतो, हे ऐकून मराठी वाचकाला आधी हसू येते. युरोपातही ही कल्पना सहज रुजलेली नाही.

ओव्हिडच्या काव्यातला लायकाऑन राजा देवाला नरमांस वाढतो आणि शिक्षा म्हणून लांडगा होतो. प्रेमाचा धागा दिसतो तो बाराव्या शतकात, मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या ‘बिस्क्लाव्रे’ या कथाकाव्यात. तिथला सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा असतो आणि उतरवून ठेवलेले कपडे परत मिळाले तरच माणूस होऊ शकतो. बायको ते कपडे पळवते. नियम एका वाक्याचा आहे, पण सगळी गोष्ट त्यातूनच निघते: नवराबायकोतला विश्वास, बायकोची भीती, राजाच्या पायाशी बसणारा निष्ठावान लांडगा. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रकरण न्यायालयात गेले. १५८९मध्ये कोलोनजवळच्या बेडबुर्ग येथे पेटर स्टुम्प याला वृकमानव ठरवून हाल करून मारण्यात आले. १६०३मध्ये बोर्दोच्या न्यायालयापुढे झां ग्रनिए हा मेंढपाळ पोरगा उभा राहिला. त्याचे वय तेरा-चौदा. न्यायाधीशांनी त्याला जाळले नाही, मठात ठेवले. वृकमानव आणि कोवळे वय यांची गाठ अशी फार जुनी आहे.

आज ‘प्राचीन समजूत’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी मात्र बऱ्याच अलीकडच्या आहेत. चाव्याने लागण होते आणि चांदीने मरण येते, हे जोडसूत्र लोकांच्या मनात पक्के केले १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’ या चित्रपटाने. त्याची पटकथा कर्ट सिओडमाक यांची. १९५७मध्ये ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’ आला आणि रूपांतराला वयात येण्याचा अर्थ चिकटला. नको तिथे केस, फाटणारा आवाज, न आवरणारा संताप. २०००च्या ‘जिंजर स्नॅप्स’ या कॅनडातल्या चित्रपटात मुलीची पहिली पाळी आणि लांडग्याचा हल्ला एकाच रात्री येतात. रूपक इतके उघड झाल्यावर कादंबरीला ते नव्याने शोधावे लागले नाही. त्याचे काय करायचे एवढेच ठरवायचे उरले होते.

हे काम आधीच सुरू झाले होते. ॲनेट कर्टिस क्लॉज यांच्या १९९७च्या ‘ब्लड अँड चॉकलेट’मध्ये सोळा वर्षांची व्हिव्हियन स्वतःच वृकमानव आहे. तिला आपल्या अंगाची लाज नाही; चार पायांवर धावण्यात तिला सुख आहे. ती एडन नावाच्या माणसाच्या पोरावर भाळते, कारण त्याने वृकमानवावर कविता लिहिलेली असते. कविता लिहिणे वेगळे. ती समोर रूप बदलते तेव्हा तो घाबरून कोलमडतो. पुस्तकाच्या शेवटी व्हिव्हियन आपल्याच जातकुळीतल्या गेब्रिएलजवळ जाते. २००७च्या चित्रपटाने कथा बुखारेस्टला नेली आणि शेवट उलटा केला. तिथे ती माणसाबरोबर निघून जाते. पुस्तकाचे मर्म त्या बदलात हरवले.

या प्रकाराला बाजारपेठ मिळाली ती स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मुळे. २००५ ते २००८ या काळात चार पुस्तके आली आणि अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या दुकानसाखळीने किशोरांच्या ‘पॅरानॉर्मल रोमान्स’साठी निराळे कपाट मांडले. मालिका मुळात व्हॅम्पायरची. लांडगे दुसऱ्या पुस्तकात, ‘न्यू मून’मध्ये, पूर्णपणे पुढे येतात. जेकब ब्लॅक आणि त्याचे सोबती वॉशिंग्टन राज्यातल्या ला पुश येथील क्विल्यूट जमातीचे. व्हॅम्पायर जवळपास आले की या घराण्यांतल्या तरुणांच्या रक्तातला लांडगा जागा होतो. त्यांच्या अंगाचा ताप १०८ अंश फॅरनहाइटच्या पुढे असतो. लांडग्याच्या रूपात सगळ्या टोळीचे मन एक होते, कुणाचे काही गुपित राहत नाही. किशोरवयाला याहून मोठी शिक्षा सुचणे कठीण. तिसऱ्या पुस्तकात डोंगरावरच्या तंबूत नायिका बेला थंडीने काकडते. तिचा व्हॅम्पायर प्रियकर, बर्फासारखा एडवर्ड, तिला ऊब देऊ शकत नाही, जेकब देऊ शकतो. प्रेमाचा त्रिकोण तिथे निव्वळ अंगाच्या उष्णतेवर मांडला आहे आणि तो प्रसंग मालिकेतल्या सर्वांत नेटक्या प्रसंगांपैकी आहे.

मेयर यांचा दुसरा नियम अधिक अडचणीचा. ‘इम्प्रिंटिंग’ हा शब्द पशुवर्तनशास्त्रातला. अंड्यातून निघालेले हंसाचे पिल्लू समोर दिसेल त्याला आई मानते, त्यावर कोनराड लोरेन्झ यांनी काम केले होते. मेयर यांनी तो उलटा वळवला. वृकतरुण एखादीकडे पाहतो आणि त्या क्षणी कायमचा बांधला जातो. क्विल हा तरुण दोन वर्षांच्या क्लेअरशी बांधला जातो, जेकब बेलाच्या नवजात मुलीशी. मूल मोठे होईपर्यंत तो भाऊ, मग मित्र, मग जोडीदार, असे समर्थन पुस्तक देते. बऱ्याच वाचकांना ते पचलेले नाही. टोळीचा म्होरक्या सॅम उले याच्या पंजाने चेहरा फाटलेली त्याची वाग्दत्त वधू एमिली त्याच्याच घरात हसतमुख रांधत असते, हेही तसेच. टोळीतली एकुलती एक मुलगी लीया हिची पाळी रूपांतरानंतर थांबते. तिच्या संतापाला कथेत जागा आहे, मार्ग नाही. एक वेगळी मालिका तिथे लिहायची राहून गेली.

चौथ्या पुस्तकात मेयर सांगतात की हे लांडगे वृकमानव नव्हेतच. ते रूप बदलणारे आहेत, आणि खरे वृकमानव चंद्राची लेकरे म्हणून निराळे. हा खुलासा घाईत येतो. क्विल्यूट ही मात्र खरी जमात आहे आणि लांडग्यांपासून माणसे घडल्याची तिची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. पुस्तकातले रूपांतर, व्हॅम्पायरशी झालेला करार, इम्प्रिंटिंग हे सगळे मेयर यांचे. वाचताना या दोहोंत फरक करावा लागतो. ला पुशला पर्यटकांची रीघ लागली तेव्हा त्या समुद्रकाठच्या वस्तीपुढचा प्रश्न त्सुनामीचा होता. २०१२मध्ये अमेरिकेच्या कायद्याने ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली जमीन जमातीला उंचावर वस्ती हलवण्यासाठी मिळाली. आणखी एक गंमत अशी की त्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरचे खरे लांडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मारून संपवले गेले होते.

मॅगी स्टीफव्हॅटर यांनी खरे लांडगे असलेला प्रदेश निवडला. १९७०च्या दशकात अलास्का वगळता अमेरिकेत लांडगे उरले होते ते मिनेसोटाच्या ईशान्य भागात आणि मिशिगनमधल्या आइल रॉयल बेटावर. ‘शिव्हर’ (२००९), ‘लिंगर’ (२०१०) आणि ‘फॉरेव्हर’ (२०११) यांचे मर्सी फॉल्स हे काल्पनिक गाव मिनेसोटातच आहे. नियमही तिथल्या हवेतून घेतलेला: थंडी पडली की चावलेला माणूस लांडगा होतो, ऊब आली की माणूस. चंद्राला काही काम नाही. वरून एक पोटनियम आहे आणि खरा घाव तोच घालतो. दर वर्षी माणूसपणाचे दिवस कमी होत जातात. एक वर्ष असे येते की वसंत येऊनही लांडगा लांडगाच राहतो.

सॅम रॉथ अठरा वर्षांचा आहे आणि हे आपले शेवटचे वर्ष असल्याचे त्याला ठाऊक आहे. ग्रेस ब्रिसबेन घरामागच्या जंगलातल्या पिवळ्या डोळ्यांच्या लांडग्याकडे कित्येक हिवाळे पाहत आली आहे. ‘शिव्हर’मध्ये प्रकरणे आळीपाळीने दोघांच्या तोंडची आणि प्रत्येकाच्या माथ्यावर नावाखाली तापमान छापलेले. ३२ फॅरनहाइटला पाणी गोठते, हे ज्याला माहीत आहे तो वाचक मजकुराआधी आकडा पाहतो. पारा चाळिशीत आला की सॅमने घराबाहेर पाऊल टाकू नये असे वाटू लागते. हीटर बंद पडलेली गाडी, उघडी राहिलेली खिडकी, भिजलेले कपडे, अशा घरगुती गोष्टींतून भीती तयार होते. पुस्तकाच्या अमेरिकेतल्या मूळ आवृत्तीची शाईही निळी होती. दुकानदारीची क्लृप्ती म्हणून ती सोडून देता आली असती, पण इथे ती शोभली.

नियम नीट आखलेला असल्यामुळे कोडेही त्याच्याच आत सुटते. ग्रेसला लहानपणी लांडग्यांनी चावले, तरी ती कधी बदलली नाही. कारण बापाने तिला उन्हात तापलेल्या गाडीत विसरून ठेवले होते आणि त्या उष्माघाताने तिच्या आतला लांडगा दबला. त्यावरून उपाय सुचतो: मरणाच्या दारात नेणारा ताप. ग्रेसच्या शाळेतली इझाबेल कल्पेपर चावा बसलेल्या आपल्या भावाला, जॅकला, आणि ग्रेस सॅमला मेनिंजायटिसची लागण करवतात. जॅक मरतो, सॅम जगतो. प्रेमकथेत असा हिशेब क्वचितच चुकता केला जातो. बापाचे विसरणेही सुटे राहत नाही. ग्रेसचे आईवडील घरात असून नसल्यासारखे आहेत आणि सॅमच्या आईवडिलांनी तर त्याला न्हाणीघरात मारायचा प्रयत्न केला होता. त्याला वाढवले बेक या वृकमानवाने. या मालिकेत मुलांना कोण जपते, याचे उत्तर बरेचदा चार पायांचे आहे. ‘लिंगर’मध्ये इझाबेल आणि कोल सेंट क्लेअर असे आणखी दोन निवेदक येतात आणि पकड सैलावते. कोल हा स्वतःला विसरण्यासाठी लांडगा होऊ पाहणारा रॉक गायक. तो बुद्धिमान आहे, पण त्याच्यासाठी नियम ताणावा लागतो. ‘फॉरेव्हर’मध्ये हेलिकॉप्टरमधून लांडग्यांची शिकार ठरते आणि टोळी हलवण्याचा प्रश्न येतो. तिथे कथा पुन्हा जमिनीवर टेकते.

केली आर्मस्ट्राँग यांच्या ‘डार्केस्ट पॉवर्स’ या त्रयीत (२००८ ते २०१०) रूपांतराचे सौंदर्य मुद्दाम काढून टाकले आहे. डेरेक हा थोराड, मुरुमांनी भरलेला, घामाचा वास येणारा पोरगा. बदल जवळ आला की ताप, ओकाऱ्या, कातडीखाली सळसळणारे स्नायू. नायिका क्लोई त्याच्याजवळ बसून राहते. बराच काळ प्रेम म्हणून जे दिसते ते एवढेच, आणि ते पुरते. आंद्रेया क्रेमर यांच्या ‘नाइटशेड’मध्ये (२०१०) कॅला टोर हवे तेव्हा रूप बदलू शकते. तिचे शरीर तिच्या ताब्यात आहे, लग्न मात्र मालकांनी ठरवलेले. तिच्यावरचे बंधन निसर्गाचे नसून समाजाचे आहे.

टोळीतला पहिला नर म्हणजे ‘अल्फा’, हा या सगळ्या मालिकांचा लाडका शब्द. त्याच्यामागे रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७चा अभ्यास आहे, पण तो बंदिस्त, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांचा. डेव्हिड मेक यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना सर्वदूर नेली. पुढे मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९९९मध्ये त्यांनीच लिहिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब: आई, बाप, त्यांची पिल्ले. तिथे कुणी गादीसाठी लढत नाही. जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून त्यांनी प्रकाशकांकडे पाठपुरावाही केला. कादंबऱ्यांनी हे मनावर घेतले नाही. गंमत म्हणजे बेकचे घर, तिथली वाचलेली पुस्तके आणि एकत्र स्वयंपाक, हे मेक यांच्या टोळीच्या सर्वांत जवळ जाते.

मालिका वाचण्याची पद्धतही पाहण्याजोगी आहे. पुस्तके साधारण वर्षाच्या अंतराने येत आणि मधल्या काळात वाचक नियम तपासत बसत, फटी शोधत, ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ अशी फळी धरत. वॉटपॅडसारख्या मंचांवर हे अंतर मिटले. तिथे वृककथा हप्त्यांनी येते, फोनवर वाचली जाते आणि तिचे नियम सामाईक झाले आहेत. नशिबाने नेमलेला जोडीदार म्हणजे ‘मेट’, अल्फाची सहचरी ‘लूना’, आणि अल्फाने मेटला झिडकारणे हा ठरलेला पेच. मेयर यांचे इम्प्रिंटिंग इथे ‘मेट’च्या रूपात सर्वांच्या मालकीचे झाल्यासारखे दिसते, फक्त आता मुलीला नकाराचा अधिकार आहे आणि बऱ्याच कथा त्या नकारापासूनच सुरू होतात.