ॲडव्हर्ब ओळखताना शेपटी पाहू नका

आज आपण ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, ओळखायला शिकू.

शाळेत बहुतेकांना एकच खूण सांगितलेली असते: शब्दाच्या शेवटी ‘ली’ आलं की तो ॲडव्हर्ब. स्लोली, क्विकली, हॅपिली. खूण सोपी आहे, पण दोन्हीकडून दगा देते. फ्रेंडली, लव्हली, अग्ली यांना शेपटी आहे, तरी ती विशेषणं. सून, ऑलवेज, हिअर यांना शेपटी नाही, तरी ते ॲडव्हर्ब. आणि ‘फास्ट’चं काय करणार? ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये तो गाडीबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये धावण्याबद्दल सांगतो, म्हणून ॲडव्हर्ब.

तेव्हा शब्दाचं रूप नको, काम बघा. क्रियापदाला विचारा: कसं, कुठे, केव्हा, किती वेळा? ‘शी वेंट होम येस्टर्डे.’ केव्हा गेली? येस्टर्डे. कुठे गेली? होम. हो, इथे ‘होम’सुद्धा ॲडव्हर्बच आहे! म्हणून तर ‘वेंट टू होम’ चूक. ‘घरी’ या शब्दात जसा ‘ई’ आधीच बसलेला आहे, तसंच समजा. ‘कम टू हिअर’ही त्याच कारणानं चूक.

ॲडव्हर्ब क्रियापदापुरता थांबत नाही. ‘व्हेरी हॉट टी’मध्ये ‘व्हेरी’ हा ‘हॉट’बद्दल सांगतो. चहा किती गरम? व्हेरी.

आता खास आपली, मराठी माणसाची अडचण. आपण म्हणतो, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते. विशेषण आणि क्रियाविशेषण, दोन्हीकडे ‘चांगला’च चालतो. म्हणून तोंडातून येतं, ‘शी प्लेज गुड.’ इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांकडे आहेत: ‘शी इज अ गुड प्लेअर’, पण ‘शी प्लेज वेल.’ बरं, ‘वेल’ला लिंग नाही, वचन नाही. तेवढं इंग्रजी सोपं!

शेपटीच्या नादात सगळ्यात महाग पडतो तो ‘हार्ड’. तो स्वतःच ॲडव्हर्ब आहे. नोकरीच्या मुलाखतीत ‘मी खूप मेहनत करतो’ सांगायचं, तर ‘आय वर्क हार्ड’ म्हणा. शुद्ध बोलायच्या हौसेनं ‘आय हार्डली वर्क’ म्हणालात, तर अर्थ होतो, ‘मी काम जवळजवळ करतच नाही.’ समोरचा हसेल किंवा पुढच्या उमेदवाराला बोलावेल. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हाही तसाच घोटाळा.

एक वाक्य सोडवू. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट.’ क्रियापदाला चिकटून आलाय, म्हणून ‘स्वीटली’ हवं का? नको. गोड आंबा आहे, चाखण्याची क्रिया नाही. ‘टेस्ट्स’च्या जागी ‘इज’ घालून बघा, वाक्य टिकतं. म्हणजे ‘स्वीट’ विशेषण.

आता वही काढा. ‘द बस वॉज लेट’ आणि ‘द बस केम लेट’. यातला कोणता ‘लेट’ ॲडव्हर्ब, आणि का, ते लिहा.