लेन्स येऊ दे, मग काढू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



स्मरणिका समितीने मला दोन कामं दिली होती. एक, जुने फोटो गोळा करायचे. दुसरं, आज 'माझा छंद' या विषयावर थोडं बोलायचं. पहिलं काम करताना दुसऱ्या कामाचा विषय सापडला, आणि तो जरा अडचणीचा आहे. पण सर समोरच बसले आहेत, त्यामुळे बोलूनच टाकतो.

तुम्ही सगळ्यांनी कपाटं उपसून फोटो पाठवलेत. गॅदरिंग आलं, प्रतापगडची सहल आली, शिक्षकदिनाला आयांच्या साड्या नेसून आलेल्या मुली आल्या, कबड्डीचा संघ आला. हेडसर आहेत, शिपाईमामा आहेत. घंटेखाली झोपणारं कुत्रंसुद्धा दोन फोटोंत आहे. आपले चित्रकलेचे सर मात्र एकाही फोटोत नाहीत. मी तीन वेळा पाहिलं.

कारण उघड आहे. फोटो काढायला सरच होते.

सरांचा कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. धाकट्या भावाने कुवेतहून आणलेला. आठवीपासून त्या कॅमेऱ्याचा अधिकृत हमाल मी होतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत होता. सगळा कारभार हाताने. बॅटरी फक्त आतल्या प्रकाशमापकाच्या काट्यासाठी, आणि त्या मापकाला बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावलं की अंधार होतो, अंधार झाला की बॅटरी वाचते. म्हणून सर सारखे ओरडायचे, "झाकण!" वर्गातल्या निम्म्या मुलांना माझं नाव तेच वाटायचं.

आणखी एक गोष्ट त्या कॅमेऱ्यात नव्हती. सेल्फ टायमर. बटण दाबून धावत जाऊन रांगेत उभं राहण्याची सोयच नाही. सर फोटोत का नाहीत याचं निम्मं उत्तर तिथे आहे. उरलेलं निम्मं असं, की सर कॅमेरा कुणाच्या हातात देत नसत.

रोल 'इंदू'चा, उटीच्या सरकारी कारखान्यातला, छत्तीस फोटोंचा. एका ग्रुपला एकच क्लिक. छत्तिसावा फोटो झाल्याशिवाय रोल धुवायला जायचा नाही. जानेवारीतल्या गॅदरिंगचे फोटो आपण जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाहायचो, आणि त्यात कुणाचे तरी डोळे मिटलेले असायचे. तेव्हा त्या वाट पाहण्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

पुढे मी पुण्याला गेलो, नोकरीला लागलो. २००६ मध्ये डिजिटल कॅमेरा घ्यायचा ठरवला तेव्हा सरांना भेटायला वाईला आलो. के-१००० चं शटर तोवर अडकलं होतं. सरांनी त्यातली ५० मिलिमीटरची लेन्स काढून माझ्या हातात ठेवली. "ही ने. बसते का बघ."

बसली. पेंटॅक्सची ही खासियत. लेन्स ज्या कडीत अडकते ती कडी, म्हणजे के-माउंट, त्यांनी १९७५ साली आणली आणि मूळ बैठक आजपर्यंत मोडली नाही. नव्या कॅमेऱ्यात जुनी लेन्स लावली की तो विचारतो, हिची फोकल लेंग्थ किती? आपण पन्नास म्हणून सांगायचं. मग कॅमेऱ्यातली हात हलला तर सावरून घेणारी यंत्रणा त्या म्हाताऱ्या लेन्सलाही सांभाळून घेते. ज्यांनी आपल्या सरांची लेन्स टाकून दिली नाही त्या कंपनीचा मी भक्त झालो. भक्त हा शब्द जपून वापरतोय. आमच्या घरात याला वेगळा शब्द आहे.

आता खरी अडचण. त्या डिजिटल कॅमेऱ्यातला सेन्सर रोलच्या एका फोटोपेक्षा लहान होता. सरांची लेन्स जेवढं बघायची त्यातला मधला तुकडाच फोटोत यायचा. रोलच्या आकाराचा सेन्सर, ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तो पेंटॅक्सने २००० साली जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात दाखवला होता आणि पुढच्याच वर्षी तो बेत रद्द केला. मग कंपनी होया या काच बनवणाऱ्यांकडे गेली, २०११ मध्ये रिकोकडे गेली. आम्ही आपले बसून. दर फेब्रुवारीत जपानमध्ये कॅमेऱ्यांचं प्रदर्शन भरायच्या सुमारास मी रात्री जागून बातम्या बघायचो. कंपनी लेन्सचा एक आराखडा काढते. आडव्या रेषेवर फोकल लेंग्थचे आकडे, त्यांवर पट्ट्या आणि ठिपके. जी लेन्स यायची आहे तिला नाव नसतं, नुसता ठिपका. तो ठिपका ऐंशीच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर मी आणि माझ्यासारखेच दोन-चार जण तास तास वाद घालायचो. बायको म्हणायची, पत्रिका बघताय का?

२०१६ च्या फेब्रुवारीत के-वन जाहीर झाला. फुल फ्रेम. दिवाळीला भाच्याने तो सिंगापूरहून आणला आणि मी थेट वाई गाठली. सरांची लेन्स लावली. सर ओसरीवर बनियनवर सीताफळ खात बसले होते. मी चाचणी म्हणून एक फोटो काढला. सरांनी मागच्या पडद्यावर बघितला, चष्मा वर करून, पुन्हा बघितला. "फोकस कानावर आहे," म्हणाले. "पण लेन्स पूर्ण दिसली." खूश होते.

मग जरा थांबून म्हणाले, "माझा आणि हिचा एक नीट काढ. लग्नानंतर आमचा फोटोच नाही. भिंतीला लावता येईल असा काढ."

आणि मी म्हणालो, "सर, ८५ ची लेन्स येऊ दे, मग काढू."

याला तसं शास्त्र आहे. चेहऱ्याचा फोटो जवळून काढला की नाक मोठं दिसतं. हे मला सरांनीच शिकवलं होतं: दोष लेन्सचा नाही, तू जवळ गेलास हा आहे. ८५ ने दोन मीटर लांब उभं राहूनही डोकं आणि खांदे फ्रेमभर येतात. पेंटॅक्सची जुनी ८५ बंद झाली होती आणि नव्या कॅमेऱ्याला नवी ८५ येणारच असा आमचा हिशेब होता. एक मित्र म्हणालाही, अरे, ७७ ची आहे की, १९९९ पासून मिळते, लोक तिच्यावर जीव टाकतात. पण मला ८५ च हवी होती, एफ १.४ ची. आराखड्यात ठिपका होता ना.

२०१८ ला आली ती ५०. वजन ९१० ग्रॅम. सरांची जुनी पन्नासची १७० ग्रॅमची आहे. मी ती घेतली नाही, ८५ साठी पैसे राखून ठेवले. २०१९ मध्ये सरांचा फोन आला. "लेन्स आली का रे?" म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की, सर. सर म्हणाले, "मी आहे इथेच. डोळ्यांचं मात्र सांगता येत नाही." मी हो हो म्हणालो. डावा डोळा काचबिंदूने आधीच अधू झाला होता, हे मला माहीत होतं. उजव्याचं विचारायचं सुचलं नाही.

२०२० मध्ये ८५ जाहीर झाली. तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या हातात ती पडली २०२१ च्या डिसेंबरात, पुन्हा भाच्याच्याच बॅगेतून.

जानेवारीत वाईला आलो. सरांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत विचारलं, "कोण?"

ओसरीवर बसलो. मी लेन्स त्यांच्या हातात दिली. सव्वा किलोची आहे. त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपली, पुढची काच कुठे सुरू होते ते बोटाने शोधलं, पण काचेला बोट लागू दिलं नाही. "केवढी ही! तांब्या आहे का?" काकू हसल्या. त्यांनी सरांना इस्त्रीचा सदरा घातला, शेजारी बसल्या, थोड्या मागे. मी दोन मीटरवर उभा राहिलो.

"अ‍ॅपर्चर किती ठेवलंस?" सरांनी विचारलं.

"पाच पॉइंट सहा, सर."

"का?"

"दोघं आहात. काकू जरा मागे आहेत. १.४ ला ठेवलं तर चार-साडेचार सेंटिमीटरच फोकसमध्ये येतं, त्या पुसट होतील."

सर थोडा वेळ गप्प होते. "मग," म्हणाले, "एक पॉइंट चारसाठी पाच वर्षं कशाला थांबलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पाच पॉइंट सहाला तो फोटो त्यांच्या ५० नेही भिंतीवर लावण्याजोगा आला असता, २०१६ च्या दिवाळीत, सीताफळाचे हात धुतल्यावर.

फोटो चांगला आला. काकूंना आवडला, भिंतीवर आहे. सरांनी तो माझ्याकडून ऐकला. सदऱ्याची घडी, काकूंचा हात कुठे आहे, मागे तुळशीवर ऊन कुठपर्यंत आलंय. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "फोकस?" म्हटलं, डोळ्यांवर, सर. "मग ठीक," म्हणाले.

ओसरीवरचा तो चाचणीचा फोटो मी सहा वर्षं छापलाच नव्हता. सरांनी स्वतःचा पाहिलेला तो शेवटचा फोटो. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तोच घ्यायचं समितीने ठरवलं आहे, बनियन आणि सीताफळासकट. सरांची परवानगी घेतली आहे. फोकस कानावर आहे ही टीप खाली छापा, असं त्यांनी बजावलं आहे.

माझ्याकडे आज दोन्ही लेन्स आहेत. सव्वा किलोवाली गाडीतच ठेवली आहे.

जेवणानंतर वडाच्या पारावर ग्रुप फोटो आहे. चारच्या आत या, नंतर शाळेच्या इमारतीची सावली पडते. सर मधल्या खुर्चीवर, काकू त्यांच्या शेजारी. लेन्स सरांची. या कॅमेऱ्याला बारा सेकंदांचा टायमर आहे, तेव्हा डाव्या कडेला माझी जागा ठेवा. गुडघा दुखतो, पण बारा सेकंदांत पोहोचेन. आणि कृपा करून डोळे मिटू नका.