शहापूर-मुरबाडचे पाणी आणि माणसे



1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे म्हणजे शहरांचा जिल्हा, ही समजूत अधिकच पक्की झाली. वस्तुतः उरलेल्या जिल्ह्याची अर्ध्याहून अधिक भूमी शहापूर आणि मुरबाड या दोनच तालुक्यांत आहे. 2011 च्या जनगणनेत शहापूरची लोकसंख्या सुमारे 3 लाख 14 हजार, मुरबाडची सुमारे 1 लाख 90 हजार होती. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत तेव्हा 80 लाखांवर माणसे राहत होती. भूमी अर्ध्याहून अधिक, माणसे सोळात एक! या भागाचे राजकीय दुर्बलत्व या प्रमाणातच दडलेले आहे.

शहापूर तालुक्यातील तानसा धरण 1892 साली पुरे झाले. भातसा त्यानंतर जवळजवळ शतकाने. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांचा उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर; त्यांतील 7,17,037 दशलक्ष लिटर एकट्या भातसाचे. त्याच तालुक्यात कसाऱ्याकडील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अधिकारी सांगतात, हा भूगोलाचा दोष आहे: पाडे उंचावर, जलाशय खोलात, खाली कातळ, म्हणून विहिरी लवकर आटतात. हे खोटे नाही. परंतु भातसाचे पाणी नदीतून पिसे येथे येते आणि तेथून पंपांनी उचलूनच पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते. महानगरासाठी उपसा परवडतो. पाड्यासाठी तोच उपसा वीजबिलापाशी अडतो. तेव्हा अडचण चढाची जितकी, तितकीच पैसे भरणाऱ्याच्या ऐपतीची आहे. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरला गुरुत्वाने पाणी आणण्याची योजना तंत्रदृष्ट्या शहाणपणाचीच; पण तानसा-भातसासाठी जमीन देणाऱ्या तालुक्याने घाटमाथ्याकडे हात पसरावा, हा हिशेब अजब म्हणावा लागेल.

पाण्यामागोमाग माणसेही शहरांकडे जातात. भाताचे एकच पीक, वरकस जमिनीवर थोडी नाचणी-वरी. कापणी संपली की हाताला काम नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरांची शाळा सुटते आणि हंगाम उचल फेडण्यात सरतो. उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणे हा 1976 च्या वेठबिगारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भट्टीवरच्या वहीला मात्र तो कायदा ठाऊक नसतो.

मुरबाडमध्ये काळू नदीवरील धरणाचे काम वनविभागाच्या मंजुरीवाचूनच सुरू झाले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने 2012 साली थांबवले. प्रकल्पाची कल्पना मात्र मेलेली नाही, कारण शहरांची तहान वाढतेच आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. 1996 च्या पेसा कायद्यानुसार तेथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला घेणे बंधनकारक आहे. पण 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी निम्मा पाडा भट्टीवर असेल, तर तो सल्ला कोणाचा? कार्यकर्त्यांनी आतापासून मागणी धरावी ती ही, की जमिनीचे आणि धरणाचे विषय पावसाळा संपल्यावर, दिवाळीपूर्वीच, माणसे गावात असताना ग्रामसभेपुढे आणावेत. आणि स्थलांतरित कुटुंबांची यादी त्या सभेच्या नोंदवहीत असावी.