सीमाभागातील रुग्ण आणि भ्रमणध्वनीवरील सल्ला

चिकोडी व निपाणी भागातील अनेक रुग्ण उपचारासाठी पूर्वापार कोल्हापूर-मिरजेस जात आले आहेत. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी जारी झाली आणि कोगनोळी नाक्यावर ही वाट अडली. रुग्ण एका राज्यात, तर त्याची प्रकृती जाणणारा डॉक्टर दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती निर्माण झाली.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टरास देशातील कोणत्याही भागातील रुग्णाला दूरध्वनीवरून, तसेच व्हॉट्सअ‍ॅपसारख्या लेखी संदेशांद्वारेही सल्ला देण्याची मुभा मिळाली. मधुमेह वा रक्तदाबाच्या जुन्या रुग्णास नेहमीची औषधे चालू ठेवणे त्यामुळे शक्य झाले. अमली औषधे मात्र यातून वगळण्यात आली.

संदेशात वय, जुने विकार, चालू औषधे व तापाचे दिवस स्पष्ट लिहावेत. जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र जोडावे. तथापि नाडी व छाती संदेशातून तपासता येत नाही. धाप लागल्यास उत्तराची वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे.