'नेट नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

पीकविम्याची मुदत संपत आली, की जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत सेवा केंद्रांवर एकच वाक्य ऐकू येतं : 'नेट नाही, उद्या या.' माणूस उठतो, तालुक्याला जातो. तिथं जमलं नाही तर जालना गाठतो. माझं म्हणणं असं, की हे वाक्य अपुरं आहे. नेट ही एकच एक वस्तू नाही. ती एकमेकांवर उभ्या असलेल्या थरांची रचना आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा त्यातल्या एकाच थरात असतो. तो थर ओळखला, तर कोणती फेरी कामाची आणि कोणती वाया जाणार, हे केंद्रात बसल्या बसल्या कळतं.

थरांकडे वळण्याआधी पत्ता समजून घेऊ. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. जालन्याचा पिन ४३१२०३, परतूरचा ४३१५०१. पहिले तीन आकडे सारखे, कारण टपालाची वाट तिथपर्यंत एकच आहे. दिल्लीत पत्रं निवडणाऱ्याला परतूरची गल्ली ठाऊक असण्याची गरज नाही. सुरुवातीचे आकडे पाहून तो पत्र योग्य दिशेला लावतो. नेटवरच्या यंत्राचा आयपी पत्ता याच तत्त्वावर चालतो. शून्य ते २५५ मधल्या चार संख्या, मध्ये टिंब. सुरुवातीचा भाग जाळं सांगतो, उरलेला त्या जाळ्यातलं यंत्र. वाटेतले राउटर सुरुवातीचा भाग पाहून माहिती पुढे ढकलतात, म्हणून जगातल्या प्रत्येक यंत्राची यादी कुणालाच बाळगावी लागत नाही. फरक एवढाच, की पिन गावाला चिकटलेला असतो आणि आयपी पत्ता जोडणीला. घरातलं वायफाय सोडून मोबाइल डेटा लावला, की त्याच फोनचा पत्ता बदलतो. शिवाय असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी; मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि बाहेर जाताना राउटर स्वतःचा पत्ता लावतो. कायमचा उपाय म्हणून आयपीची सहावी आवृत्ती आली आहे. तिचे पत्ते पुष्कळ लांब आहेत.

आता थर. सगळ्यात खाली तार, फायबर किंवा रेडिओलहरी. त्यावर आयपी : पत्ता आणि वाट. त्यावर टीसीपी : माहितीचे साधारण दीड हजार बाइटपर्यंतचे तुकडे करून त्यांचा क्रम राखणारा आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवणारा नियम. लाइन खराब असली की तुकडे गळतात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि सातबाऱ्याची प्रत चढता चढत नाही. सर्वांत वर वेबसाइट, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप. नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवाही तिथेच. एवढी उतरंड कशाला, एकच नियम का नाही, असं कुणी विचारील. उत्तर इतिहासात आहे. टीसीपी-आयपीची मूळ मांडणी व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये केली आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं आर्पानेट हे जाळं त्यावर आलं. तेव्हा गावोगावचं फायबर नव्हतं, मोबाइल डेटा नव्हता. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी, आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली. खालचा थर पार बदलला, तरी वरचे थर नव्याने लिहावे लागले नाहीत. थर वेगळे ठेवल्याचाच हा लाभ.

'हे इंजिनिअरचं काम, आम्हाला काय करायचंय?' हा आक्षेप मला मान्य नाही. दुरुस्ती त्याची, हे खरं. पण बोलवायचं कुणाला, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. दुसरा आक्षेप असा, की फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण आहेत, मग नेट नाही कसं? त्या रेघा फोन ते राउटर एवढ्याच टप्प्यातला सिग्नल सांगतात, त्यापलीकडचं काहीच नाही. म्हणून खालून वर तपासा. फायबरच्या डबीवर लाल दिवा लागला असेल, तर रस्त्याच्या खोदकामात तार तुटली असण्याची शक्यता मोठी. तिथं सेवा पुरवणाऱ्यालाच फोन करा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही; जोडणी पाहा, राउटर बंद करून चालू करा. बाकी साइट उघडतात आणि एकच अडते, तर तीच साइट दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर उघडून पाहा. तिथं उघडली, तर दोष केंद्राच्या जोडणीत किंवा डीएनएसमध्ये आहे आणि काम मोबाइल डेटावर उरकता येईल. तिथंही अडली, तर बिघाड बहुधा त्या साइटच्या सर्व्हरवर आहे, आणि घनसावंगीहून जालन्याला जाऊन काही साधणार नाही, कारण जालन्याचा संगणकही त्याच सर्व्हरचं दार ठोठावणार आहे. अशा वेळी पडद्यावरच्या संदेशाचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा; मुदतीचा वाद झाला, तर अर्जासोबत तो जोडता येईल.